मृगाच्या आधीचा वैशाख

वैशाख लागला की सोलापुरात दुपारी बारा ते चार माणसं बोलत नाहीत. बोलायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की झळ आत शिरते, असं माझी आई म्हणायची. खिडक्या लावून घ्यायच्या, शहाबादी फरशीवर पाणी शिंपडायचं आणि त्या ओलाव्यावर पाठ टेकून पडून राहायचं. यंदाही मी तशीच पडले होते, तेवढ्यात पोस्टमननं दाराच्या फटीतून एक पाकीट सरकवलं. इथल्याच एका कॉलेजचं निमंत्रण होतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी आठ दिवसांची कार्यशाळा आहे, मोडी वाचन आहे, सकाळचा वाचनगट आहे, आणि शेवटच्या दिवशी ‘इतिहास घेऊन पुढे काय?’ या विषयावर मी दोन शब्द सांगायचे आहेत.

मला हसू आलं. हा प्रश्न नवा आहे, असं या मुलांना वाटत असणार. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

तेव्हा तिसाचं दशक निम्मं सरत आलं होतं. गावात गिरण्यांचे भोंगे होते, मागांची खडखड होती, पण कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालेल्या मुलानं पुण्याची गाडी पकडायची आणि उन्हाळ्यात वाळून परत यायचं. मुलींनी गाडी पकडायची पद्धत नव्हती. माझ्या वडिलांनी, ते कोर्टात कारकून होते, मला पाठवलं, आणि त्यावरून आळीत एवढं बोललं गेलं की शेवटी बोलणारेच दमले. त्या उन्हाळ्यात ज्युनिअर बी.ए. आटोपून आम्ही तिघं घरी आलो होतो: मी, मल्लिनाथ आणि व्यंकट. तिघांचाही विषय इतिहास. पदवीला एकच वर्ष उरलेलं.

बापूमास्तरांनी आम्हाला गोळा केलं. शाळेत आम्हाला इतिहास शिकवलेले, आता निवृत्त झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले आमचे मास्तर. तळ्याजवळच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सकाळी सहाला तिथे जमायचं आणि ऊन पायरीवर आलं की उठायचं. मास्तरांना दिसत नव्हतं, म्हणून आम्ही वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. गावातल्या जुन्या घरांतून त्यांनी कागदांचे रुमाल मागून आणले होते. चौकोनी फडक्यात घट्ट बांधलेला कागदांचा गठ्ठा म्हणजे रुमाल. गाठ सोडली की एक कोंदट, गोडसर वास यायचा. घडी उलगडताना शाई सुकवण्यासाठी कुणी तरी शे-दीडशे वर्षांपूर्वी टाकलेली वाळू माझ्या मांडीवर सांडायची. ती मी झटकत नसे. मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, पन्ह्याचे पेले ठेवता ठेवता म्हणायच्या, “घरी केर काढायला सांगितला तर नाक मुरडते, आणि इथं मांडीवर घेऊन बसलीय बघा.”

मास्तरांचा एकच नियम होता. एकानं कागद वाचायचा, मग दुसऱ्यानं तोच पहिल्यापासून पुन्हा, म्हणजे ताळा म्हणून उलट, वाचून दाखवायचा. “दोघांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय कागद मिटायचा नाही,” ते म्हणत. “एकटा माणूस त्याला हवं तेच वाचतो.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. लिहून घेतलेलं सगळं डोक्यात शिरतंच असं नाही.

व्यंकटचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. “आमच्याकडे माग थांबला की आजी विचारते, कोण गेलं?” असं तो सांगायचा. शांततेत त्याला वाचता येत नसे, म्हणून तो गुडघा हलवत वाचायचा आणि आमची चटई हलायची. मल्लिनाथ त्याच्या अगदी उलट. उंच, संथ, बोलणं कमी. आडतीच्या पेठेतले शिवलिंगप्पा हे त्याचे वडील. ज्वारीचे मोठे व्यापारी, घरात कन्नड, दुकानात जे गिऱ्हाईक येईल त्याची भाषा. मल्लिनाथ कागद हातात घेतला की आधी थोडा वेळ नुसता बघत बसायचा. मग म्हणायचा, “हा कारकून लई घाईत हाय. ताट वाढलेलं दिसतंय.” आणि खरंच खालच्या ओळींत त्या कारकुनाची अक्षरं एकमेकांवर पडलेली असायची. मला तो कॉलेजात आणि इथेही इंदूताई म्हणायचा. त्या उन्हाळ्यात तो ‘ताई’ मला जरा नकोसा वाटायला लागला होता, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

शिवलिंगप्पांनी मुलाला अट घातली होती. आम्ही पहिल्याच आठवड्यात ती त्याच्या तोंडून ऐकली. “अप्पा म्हणाले, मिरगापर्यंत तुला मुदत. ह्या इतिहासाचा उपेग काय ते मला दाखव. पटलं तर पुण्याला जा, न्हाय तर गादीवर बस.” एवढं सांगून त्यानं पन्हं प्यायलं. आमच्या तिघांत कागद खरा वाचता येत होता तो त्याला. व्यंकटला पदवी हवी होती, मला घराबाहेर राहायला मिळत होतं, पण मल्लिनाथला इतिहासच हवा होता. त्याचं वर्ष वाचवायचं, हे त्या वैशाखात आमच्या सगळ्यांचं काम होऊन बसलं.

मास्तरांनी एक युक्ती काढली. शिवलिंगप्पांच्या घरातलाच रुमाल वाचायचा. त्या घराण्याची एक कथा साऱ्या पेठेला पाठ होती. मोठ्या दुष्काळात त्यांच्या खापरपणज्यानं जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं आणि पेठेला ज्वारी वाटली. तेव्हापासून पेठेतल्या कुठल्याही लग्नात पहिला विडा त्यांच्या घरचा. रुमालात त्याचा कागद असणार, असं सगळे म्हणत. पण मोडी वाचणारं घरात कुणी उरलं नव्हतं. “बापाला त्याच्या खापरपणज्याचा कागद वाचून दाखव,” मास्तर म्हणाले, “यापेक्षा मोठा उपयोग मला तरी माहीत नाही.”

रुमाल आला. चार दिवस वाचला, उलट वाचला. आणि पाचव्या दिवशी तो कागद निघाला. पेव उघडलं, पेठेतल्या घरोघरी ज्वारी दिली, मिती वैशाखातली, खाली साल. मल्लिनाथनं वाचला, व्यंकटनं उलट वाचला, अक्षराला अक्षर जुळलं. मास्तरांनी तो कागद हातात घेऊन नुसता चाचपला.

आता फक्त साल काढायचं राहिलं. जुन्या कागदांतली सालं अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेली असतात. त्यांचं इसवी सन करायला बेरीज लागते, आणि गणितात मी पहिली. ते काम माझ्याकडे असायचं आणि ते कुणी उलट तपासत नसे. पालकांना बोलावून मास्तरांनी ठेवलेली सभा दुसऱ्या दिवशी होती. मी घरी पाटी घेऊन बसले, बेरीज केली, आणि वैशाख बरोबर भर दुष्काळात येऊन पडला. आदल्या पावसाळ्यात थेंब नाही, विहिरी आटलेल्या, पुढचा मृग लांब, आणि अशा वेळी पेव उघडलेलं. मी पुन्हा बेरीज केली नाही. मला हवं होतं तेच उत्तर आलं होतं.

सभा संध्याकाळी, मास्तरांच्या अंगणात. विषय अर्थात ‘इतिहास घेऊन पुढे काय?’ मास्तरांनी गावातले तीन जाणते बोलावले होते, आणि ऐकायला पालक, शेजारी नि पेठेतले पाच-सात व्यापारी. आधी एक वकीलसाहेब बोलले. त्यांचं म्हणणं, इतिहास उत्तम, पण त्यानंतर कायदा शिकावा. मग एका शाळेचे हेडमास्तर उठले. “आमच्या शाळेत इतिहासाची जागा एकच आहे,” ते म्हणाले, “तिच्यावर मी आहे, आणि देवाच्या दयेनं माझी प्रकृती ठणठणीत आहे.” मग कचेरीतल्या दप्तरखान्याचे एक वृद्ध कारकून उठले. वाळवीला कडुनिंबाचा पाला बरा की वेखंड, यावर ते अर्धा तास बोलले, आणि त्या संध्याकाळी खरं काही शिकवलं असेल तर त्यांनीच. शिवलिंगप्पा पहिल्या रांगेत घोंगडीवर मांडी घालून बसले होते. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

मग मल्लिनाथनं कागद वाचला. मी उठून साल सांगितलं आणि त्या वैशाखात गावाची काय दशा होती तेही सांगितलं. शिवलिंगप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ते म्हणाले, “माझ्या बापानं मला सांगितलं, त्याला त्याच्या बापानं. आज कागद बोलला.” आणि मुलाकडे न बघताच, “जा. पुण्याला जा की. शिक.”

व्यंकटनं मला काकूंच्या स्वयंपाकघरात नेऊन हसून घेतलं. बाहेर हसणं बरं दिसलं नसतं.

पुढचे चार दिवस मी मल्लिनाथला कधी पाहिलं नव्हतं तसं पाहिलं. तो बोलायला लागला! सिनिअरला कोणते पेपर घ्यायचे, वसतिगृहात खिडकीकडची खोली मिळेल का, पदवीनंतर आपल्या भागातले सगळे रुमाल गोळा करून एक मोठं पुस्तक कसं लिहायचं. अक्कलकोटापासून अकलूजपर्यंतची गावं त्यानं बोटांवर मोजली. घरी जाऊन ट्रंक बाहेर काढली, तिला आतून कागद लावला. चौथ्या दिवशी वाचन संपल्यावर तो मला म्हणाला, “इंदूताई, मला आता दुकानातून जाताना पोत्यांचा वाससुद्धा चांगला वाटतोय.” सोडून जायचं असलं की सगळंच चांगलं वाटतं.

पाचव्या सकाळी तो आमच्या घरी आला. वडिलांसाठी म्हणून नक्कल करून ठेवावी, या विचारानं तो रुमालातले उरलेले कागद उतरवून काढत होता. त्यातला एक त्यानं माझ्यापुढे खाटेवर ठेवला आणि शेजारी पेवाचा कागद. दोन्हीवर साल एकच. एक वैशाखातला, एक आषाढातला. आषाढातल्या कागदात लिहिलं होतं की पाऊस उत्तम झाला, ज्वारीच्या पेरणीसाठी रानं तयार आहेत.

“ह्यातला आधीचा कोणता?” त्यानं विचारलं.

“वैशाख,” मी म्हणाले. “मग आषाढ.”

त्यानं आषाढाचा कागद उचलून वैशाखाच्या अलीकडे ठेवला. आणि मला माझी चूक दिसली. कारण पहिल्याच दिवशी मास्तरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं: या कागदांतलं साल जानेवारीत बदलत नाही, पाडव्यालाही बदलत नाही. ते मृगाला बदलतं, पेरणीबरोबर. म्हणजे त्या सालात आषाढ पहिला आणि वैशाख अगदी शेवटचा. मी वैशाखाला एक वर्ष आधी नेऊन ठेवलं होतं. खरा वैशाख दुष्काळ सरल्यानंतरचा. आषाढात पाऊस झाला, माघात नवी ज्वारी निघाली, आणि मग वैशाखात जुनं पेव उघडलं. नवं धान्य ठेवायला जागा हवी होती म्हणून. दुष्काळाच्या अख्ख्या वर्षात पेव बंद होतं.

मी काय बोलले ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, “कुणाला कळणार आहे? हा रुमाल उघडतो ते आपण चौघंच. मास्तरांना दिसत नाही, व्यंकट बोलणार नाही.”

“मला कळलं की,” तो म्हणाला. रागावून नव्हे. तो फक्त सांगत होता.

“तुमचं वर्ष जाईल.”

“व्हय.” त्यानं दोन्ही कागदांची नीट घडी केली. “पण मग पुण्याला जाऊन मी काय शिकणार?”

मी त्याच्याबरोबर गेले. आडतीच्या पेठेत तरुण मुलगी पायी चालत येणं हाच एक बोभाटा होता. हमाल पाठीवरचं पोतं विसरून बघत राहिले. शिवलिंगप्पा गादीवर होते, समोर ज्वारीचा ढीग, हात कोपरापर्यंत त्यात. दाण्याचा ओलावा ते असाच बघायचे. मी आधी बोलले, “चूक माझी आहे.” मग मल्लिनाथनं सगळं सांगितलं, मृग, आषाढ, माघातली नवी ज्वारी. काही झाकलं नाही, काही मऊ केलं नाही.

शिवलिंगप्पांनी हात ज्वारीतून काढला. “म्हंजे दुष्काळात पेव बंद हुतं?”

“कागद तसंच सांगतोय, अप्पा.”

“आनि तू हे सांगाया आलास. ट्रंक भरून ठेवल्याली असताना.”

“हौदु, अप्पा.” घरातल्या भाषेत तो फक्त ‘हो’ म्हणाला.

बाहेर एक बैलगाडी आली नि थांबली. मला वाटलं आता स्फोट होणार, आणि मी मनात उत्तरं जुळवत होते. पण त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, “ह्या पेठंत मी चाळीस वर्सं बसलोय. तराजूपुढं माणूस काय काय बोलतो, मला ठावं हाय. सोताच्या नुकसानीचं खरं बोलनारा मला हितं एक गावला न्हाय. आज गावला, तो माज्याच घरात.” त्यांनी गादीवर आपल्या शेजारी हात आपटला. “असला माणूस मी पुण्याला कशाला धाडू? हितं बस.”

ती शिक्षा असती तर आम्ही भांडलो असतो. मास्तर भांडले असते, माझे वडील भांडले असते. पण बापानं मुलाला इतका मोठा मान दिला होता की त्यापुढे वादाला तोंडच उरलं नाही. मल्लिनाथ एकदा माझ्याकडे बघून, वहाणा काढून, वर जाऊन बसला.

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. “नियम मी केला,” ते म्हणाले, “आणि आकड्यांना लावायचा विसरलो. माझा मोतीबिंदू डोळ्यांतच आहे असं मला वाटत होतं.” शिवलिंगप्पांचंही सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात पेठेत एक लग्न निघालं. पहिला विडा त्यांच्यापुढे आला, तो त्यांनी भरमांडवात परत केला आणि का ते सांगितलं. लोकांनी आग्रह करून पुन्हा दिला. पेव उघडलं त्याच्यासाठी नव्हे, असं देणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं म्हणे.

व्यंकट पदवी घेऊन जेऊरच्या शाळेत मास्तर झाला. मी इथेच मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला, केस पांढरे होईतो. सालं काढताना मुलींना मी प्रत्येक बेरीज शेजारणीकडून तपासून घ्यायला लावायची. त्यांना वाटायचं बाई संशयी आहेत. मल्लिनाथ चाळीस वर्षं गादीवर बसला. जुन्या वाटणीचा, विहिरीचा, वहिवाटीचा कागद घेऊन खेड्यांतली माणसं त्याच्याकडे यायची. ज्वारीची मापं चालू असताना मान वर न करता तो तो वाचून द्यायचा. त्यानं पुस्तक लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मी भेटायला गेले तेव्हा त्याचा मुलगा म्हणाला, “बाबांनी आयुष्यात शिक्षणाबद्दल हळहळ केली नाही.” मी मान हलवली. मुलांना असंच वाटायला हवं.

आता त्या कॉलेजातल्या मुलांना मी काय सांगू? खरेपणाचं चीज होतं, असं व्यासपीठावरून सांगायची रीत आहे. होतंही. पण चीज कुणाच्या हातून होईल आणि काय देऊन जाईल, हे आपल्या हाती नसतं, आणि वीस वर्षांच्या पोरांना हे सांगणं जिवावर येतं. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.

त्या वर्षी मृग कोरडाच लागला. माझी गाडी सकाळची होती. वडील हमालाशी बोलत पुढे गेले, आणि मल्लिनाथ फलाटावर आला, हातात शेंगाच्या चटणीचा पितळी डबा. त्याच्या आईनं मला वसतिगृहासाठी दिलेला. मी आठवडाभर एक वाक्य पाठ केलं होतं आणि तेवढंच मला बोलता आलं.

“मी साल बरोबर काढलं असतं तर...”

“तर अप्पा त्याच संध्याकाळी न्हाय म्हणाले असते,” तो म्हणाला. “तुम्ही चुकलात, म्हणून चार दिवस तरी मी पुण्याला जाऊन आलो की.”

मला रडू आवरेना. तो जरा गोंधळला. मग त्यानं डबा माझ्या हातात दिला, “आडवा करू नका, तेल सुटतंय त्याला,” म्हणाला, आणि दुकान उघडायची वेळ झाली होती म्हणून गाडी हलायच्या आधीच गेला.